खिळ्यावरचे डबे

गारपीट अर्धा तासही टिकली नाही, पण तेवढ्यात संत्र्यांच्या बागांची पार वाट लागली. निम्मं फळ झाडाखाली सडलं. वर राहिलं त्याला डाग पडले, आतून मार बसला. पूर्वी निवडाईच्या शेडमध्ये फळांच्या ढिगावरून दोनदा हात फिरवला की पेटी भरायची. आता प्रत्येक फळ उचला, गोल फिरवा, देठाशी अंगठ्यानं दाबून बघा. चांगलं एकीकडे, डागी दुसरीकडे, मऊ लागलेलं मागच्या ढिगात. काम तिप्पट वाढलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात मालकानं दिवसाची मजुरी बंद केली.

मुकादमानं ते असं सांगितलं, की जणू उपकारच चाललेत. "उद्यापासून पेटीवर पैसे. भरलेली पेटी आमचा माणूस उचलेल आणि तुमच्या डब्यात एक बिल्ला टाकेल. हप्त्याच्या दिवशी जितके बिल्ले तितके पैसे. ज्याचा हात चालतो त्याची चांदी आहे बघा!"

"आणि ज्याचा चालत नाही त्याचं?" बोळकीनं विचारलं. तिच्या तोंडात दात उरले नव्हते म्हणून सगळी शेड तिला बोळकीच म्हणायची. तीही ओ द्यायची.

"त्यानं चालवायला शिकायचं," मुकादम म्हणाला, आणि हसला एकटाच.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाईच्या पाठीमागे खांबावर खिळा ठोकला गेला आणि खिळ्याला रंगाचा रिकामा डबा. बिल्ला म्हणजे पत्र्याचा गोल तुकडा, कडा नीट न घासलेल्या. पेटी उचलणारा माणूस पाठीमागून यायचा आणि जाता जाता डब्यात बिल्ला टाकायचा. ठण्ण आवाज व्हायचा. बाईनं मागे वळून बघायचं म्हटलं तर तेवढाच वेळ जायचा, म्हणून कुणी वळायचं नाही. फक्त कान टवकारलेले असायचे.

बोळकीच्याच निवडाईच्या टेबलावर, तिच्यासमोर, एक सासू आणि तिची सून शेजारी शेजारी उभ्या राहत. सासूची शेडमध्ये हयात गेली होती. मुकादम पोटरीएवढा होता तेव्हापासूनची ती. सगळे तिला मावशी म्हणायचे. डोळ्यांत हल्ली पडदा आला होता, बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते, पण रोजावर काम होतं तोवर ते कुणाला दिसलं नाही. हप्त्याला तिच्याही हातावर तेवढेच पैसे पडायचे जेवढे विशीतल्या पोरीच्या. पेट्या मोजायची तिला कधी गरजच पडली नव्हती. दिवस मावळला की काम संपलं आणि आपली मजुरी पक्की, इतकाच तिचा हिशेब.

आणि घरात त्या मजुरीवर तिचा रुबाब होता. मुलगा पूर्वी गाडीवर हमाल होता. पोतं उतरवताना त्याची कंबर धरली ती सुटलीच नाही. आता तो काठी टेकत घरात फिरायचा, पोरीला सांभाळायचा, करपवत का होईना पण स्वयंपाक करायचा. हप्त्याच्या संध्याकाळी सासू उंबऱ्यात बसायची. सून आपले पैसे मुकाट तिच्या ओटीत टाकायची. मग म्हातारी वाटप करायची. हे किराण्याचे, हे भाड्याचे. मुलाला तंबाखूचे, तेही दोन शब्द ऐकवून. शेवटी सुनेच्या हातावर एक नोट ठेवायची आणि म्हणायची, "घे, तुझ्या हाताला असू दे."

सुनेला त्या वाक्याची भयंकर चीड होती. स्वतःच्याच घामाचे पैसे, आणि घ्यायचे मात्र दान घेतल्यासारखे. पण म्हातारी त्या एका संध्याकाळवर आठवडाभर जगायची हेही तिला कळत होतं.

डबे लागले त्या पहिल्याच संध्याकाळी म्हातारी नळावर हात धुवायला गेली, तेव्हा सुनेनं दोन्ही डबे उचलून बघितले. तिच्या डब्याला वजन होतं. सासूच्या डब्यात तळाशी थोडे बिल्ले नुसते इकडून तिकडे घसरले. हप्त्याच्या दिवशी काय होईल ते सुनेला लख्ख दिसलं. पैसे वाटायच्या खिडकीपाशी सगळ्यांच्या देखत मुकादम मोजणार, काहीतरी बोलणार. मग घरी उंबऱ्यात बसून म्हातारी कुठल्या तोंडानं वाटणार? आणि तो राग निघणार कुणावर, हे काय सांगायला हवं?

नळाचं पाणी बंद झाल्याचा आवाज आला. सुनेनं आपल्या डब्यातले मूठभर बिल्ले काढले आणि सासूच्या डब्यात हलकेच सोडले, आवाज होऊ नये म्हणून हात तळापर्यंत नेऊन. पत्र्याच्या कडेनं तिचं मनगट खरचटलं.

मग ती रोजचीच गोष्ट झाली.

हप्त्याच्या दिवशी मुकादमानं खिडकीवर म्हातारीचा डबा उपडा केला, मोजला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "मावशी, तुम्ही तर पोरींना मागे टाकलंत की!"

म्हातारीनं एकदम मान ताठ केली. हप्ताभर तिचाही जीव टांगणीला होताच. कुणाला बोलली नव्हती एवढंच. घरी येताना ती झपाझप चालत होती, सून मागे राहत होती. उंबऱ्यात बसल्यावर तिनं दोघींचे पैसे बाजूबाजूला ठेवले. सुनेचे कमी होते.

"काय गं, एवढेच? मी म्हातारी बाई तुझ्या पुढे जाते म्हणजे काय? लक्ष कुठे असतं तुझं?"

"कुठे असणार?"

"तोंडाच्या बाजारात असतं. पलीकडच्या टेबलावरच्या भवानीशी बोलत असतेस, मला काय ऐकू येत नाही?"

नवरा चुलीपाशी बसून हसला. "आईशी बरोबरी करायला गेलीस होय!"

आईनं कष्टाची शाबासकी मिळवली याचा त्याला आनंद झाला होता, त्यात बायकोचं काय होतंय हे त्याला दिसलं नाही. घरी बसून बसून त्याची नजरच आखडली होती, कंबरेसारखी. "घे," म्हातारी म्हणाली आणि या वेळी नोट लहान होती. "तुझ्या हाताला असू दे. पुढच्या हप्त्याला जरा हात हलव."

सुनेनं खरंच हात हलवले. आता तिला दोघींचं भरायचं होतं. ती डबा खायला बसेना, उभ्यानंच चार घास कोंबायची. संत्र्याच्या सालीचा रस नखांच्या मुळाशी जाऊन बोटं फुटली. चिंध्या गुंडाळल्या तर फळाचा मऊपणा कळेना, म्हणून चिंध्या काढल्या. दुपारी म्हातारी नळावर जायची तेवढ्यात बिल्ले या डब्यातून त्या डब्यात. समोर बोळकी असायची. तिची मान खाली असायची.

म्हातारी मात्र बदलली. डोळ्यांना दिसत नाही ही तक्रार बंद झाली. सांधे दुखतात म्हणायचं तिनं सोडून दिलं. काम करता करता ती इतरांना शिकवायला लागली. "असं नाही, तळहातावर घ्यायचं फळ. हात चालला पाहिजे. मला कुणी फुकट देत नाही." तिनं स्वतःच्या पैशातून नातीला चपला आणल्या आणि अख्ख्या गल्लीला दाखवल्या. इतकी वर्षं तिला मजुरी मिळत होती, पण ती सगळ्यांना मिळायची तशीच. मजुरीनं तिला 'तू चांगली आहेस' असं कधी सांगितलं नव्हतं. आता दर आठवड्याला ते कुणीतरी वाजवून सांगत होतं, आणि त्याची चटक लागायला किती दिवस लागतात!

बाकीच्या बायकांचं मात्र मोडत चाललं होतं. डागी फळांमुळे पेटी भरायलाच वेळ लागायचा. रोजाच्या निम्मेही पैसे हातात येईनात. ज्या एकमेकींच्या पेटीला मदतीचा हात लावायच्या त्याच आता चांगलं फळ आपल्याकडे ओढायला लागल्या. एकदा दोघींची झोंबाझोंबी झाली, एकीच्या कानातलं तुटलं. शेवटी एका सकाळी बायका आत गेल्याच नाहीत. शेडबाहेर रिकाम्या पेट्या उपड्या घालून त्यांच्यावर बसल्या. रोज द्या, नाहीतर फळ सडू द्या, असं सगळ्यांचं ठरलं. पुढाकार बोळकीचा होता. म्हातारीही बसली होती, कारण बोळकी आणि ती एकाच वर्षी शेडमध्ये लागल्या होत्या आणि एकीनं बसायचं म्हटल्यावर दुसरीनं उभं राहायचं हे त्यांच्यात कधी झालं नव्हतं.

उन्हं वर आली तसा मालक आला. ओरडला वगैरे नाही. मालकाचा आवाज नेहमी खालचाच असायचा, त्यामुळे ऐकायला पुढे वाकावं लागायचं. "मी कुणाचं काढून घेतोय का?" तो म्हणाला. "जो जितकं करेल तितकं त्याला. यात अन्याय कुठला? दर चुकीचा असेल तर तो सगळ्यांनाच कमी पडायला हवा."

मुकादमानं लगेच त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मालकानं मान वळवली. "मावशी कोण?"

आतून खुर्ची आणली गेली. मालकाच्या खोलीतली, पाठीला गादी असलेली. "बसा मावशी. तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या. खरं तेच सांगा. तुमचं भागतं की नाही?"

म्हातारी खुर्चीकडे बघत राहिली. हयातीत या शेडमध्ये तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. बोळकीनं तिची बाही ओढली. सून मागे उभी होती. आत्ता बोलायचं. आत्ताच. एक वाक्य बोललं की झालं. पण त्या एका वाक्यानं सगळ्यांसमोर म्हातारीच्या अंगावरचं कापडच निघालं असतं. आईंच्या तोंडाला लागलेलं हे हसू आपण कसं पुसायचं, असं तिला वाटलं आणि ती गप्प बसली.

म्हातारी खुर्चीवर बसली.

"भागतं की," ती म्हणाली. सुरुवातीला हळू, मग तिचा आवाज चढला. "माझा हात बघा, वाकडा झालाय. तरी माझा डबा भरतोच ना? काम केलं की मिळतं. उगीच खोटं कशाला बोलू?"

"ऐकलंत?" मालक बायकांना म्हणाला. एवढंच.

एखादी शिवी दिली असती तर बायका चिडून बसून राहिल्या असत्या. पण पांढऱ्या केसांच्या, डोळ्यांनी अधू बाईचा डबा भरतो म्हटल्यावर प्रत्येकीला आपलंच काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. कोपऱ्यातली एक उठली. मग दुसरी. बघता बघता पेट्यांवरच्या जागा रिकाम्या झाल्या. बोळकी शेवटपर्यंत बसून राहिली. मग तीही गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हातारीकडे न बघता आत गेली.

त्या हप्त्यापासून मुकादमानं नवा नियम काढला. ज्याचा डबा अर्धाही भरत नाही त्याला टेबल नाही. बोळकीला मागच्या ढिगावर पाठवलं. शेडमागे सडक्या फळांचा ढीग होता, त्यातून रसाला चालतील ती फळं वेचायची. वर गांधीलमाश्या, खाली चिखल आणि आंबलेला वास. पैसे नावाला. खुर्ची मात्र म्हातारीच्या टेबलापाशीच राहिली, मालकाच्या हुकमानं. बसून हात पोचत नव्हते, तरी ती अधूनमधून टेकायची.

सुनेच्या मनात हळूहळू काहीतरी आंबत चाललं होतं. बोळकी मागच्या दारानं जाताना दिसली की तिला आपल्याच हातांची शिसारी यायची. आणि घरी तोच पाढा. "तुझ्या वयात मी..." नवराही आता आईच्या सुरात सूर मिळवायचा. एकदा पोरगीच म्हणाली, "आई, तू आळशी आहेस?" सून बाहेर जाऊन रडली.

मग एके दिवशी म्हातारीला ताप भरला. तरी ती आली. पहिली पेटीसुद्धा भरली नसेल, तिला उभं राहवेना. शेडच्या सावलीला गोणपाट टाकून ती पडली ती सूर्य कलला तरी उठली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. घरी राहा म्हटलं तर ऐकेना. "माझी जागा जाईल."

त्या दोन्ही दिवशी सुनेनं दुपारी म्हातारीच्या डब्यात बिल्ले टाकले. डबा रोजच्याइतकाच भरेल एवढे. हात सवयीनं गेला, की आता एकदाचं कळू दे म्हणून गेला, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एवढं खरं, की त्या वेळी तिनं हात तळापर्यंत नेला नाही. बिल्ले वरूनच सोडले. ठण्ण ठण्ण वाजले.

हप्त्याच्या संध्याकाळी म्हातारी खिळ्यावरून डबा काढायला गेली. ताप उतरला होता. आज कमी असणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. मुकादमाला काय सांगायचं तेही ठरवलं होतं, आजारी माणसाचं कोण काय करणार. तिनं डबा उचलला आणि तिचा हात थांबला.

डबा नेहमीइतकाच जड होता.

तिनं तो हलवून पाहिला. आत बोट घातलं. मग सावकाश वळून सुनेच्या बोटांकडे बघितलं, नखांच्या मुळाशी फुटलेल्या, आणि मनगटावरच्या बारीक ओरखड्यांकडे. तिच्या अधू डोळ्यांना ते इतक्या आठवड्यांत दिसलं नव्हतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

सुनेनं बोटं पदराखाली घेतली.

"कधीपासून, म्हणते मी!"

"पहिल्या दिवसापासून, आई."

खिडकीपुढे रांग होती. म्हातारी सुनेला घेऊन रांगेसमोर आली, सुनेचा डबा ओढून घेतला आणि सगळ्यांच्या देखत आपला डबा त्यात ओतला. बिल्ल्यांचा केवढा तरी आवाज झाला. काही खाली पडून घरंगळले. बायका आधी डब्यांकडे बघत राहिल्या, मग एकमेकींकडे. कळायला वेळ लागला नाही. जिच्या कानातलं तुटलं होतं ती पुढे आली. म्हातारीला वाटलं, ही आता थुंकणार. तिनं नुसतं बघितलं आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली, कारण खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती.

म्हातारी तशीच शेडमागे गेली. बोळकी ढिगापाशी उकिडवी बसून फळं वेचत होती. तिच्या हातांची सालटं निघाली होती, एका गालावर माशी चावून सूज आली होती.

"ऐकलंस का," म्हातारी म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "माझे नव्हते ते बिल्ले. सून टाकत होती."

"माहितीय," बोळकी म्हणाली.

"तुला?"

"समोरच उभी असायचे की मी. रोज बघत होते."

"मग बोलली का नाहीस? त्या दिवशी मालकासमोर..."

बोळकीनं हातातलं फळ दाबून पाहिलं, टाकून दिलं. "मला वाटलं, तुलाही माहितीय. घरातल्या घरात तुमचं ठरलेलं असेल. म्हटलं, माहीत असून बोलतेय तर बोलू दे. खुर्ची मिळाली ना."

मला माहीत नव्हतं गं, असं म्हातारी पुटपुटली. पण म्हणताना तिचं तिलाच कळलं, की वाकड्या बोटांना, पडदा आलेल्या डोळ्यांना काय काय उरकतं हे बाईला स्वतःला माहीत नसतं होय? पहिल्या हप्त्याला मुकादमाच्या भुवया वर गेल्या तेव्हा आपल्याही गेल्या होत्या. तेव्हा विचारता आलं असतं. विचारावंसंच वाटलं नव्हतं.

"सरक जरा," बोळकी म्हणाली. "उजेड अडवतेस."

नव्या आठवड्यात म्हातारीच्या डब्यात तिचेच बिल्ले पडले. दोन हप्ते मुकादमानं बघितलं, तिसऱ्याला तिलाही ढिगावर धाडलं. तिच्या जागी एक चपळ पोरगी आली. खुर्ची मालकाच्या खोलीत परत गेली. ढिगावर दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसायच्या. बोळकी कामापुरतं बोलायची. टोपली दे, ती माशी बघ, एवढंच. बायकांनी पुन्हा कधी पेट्या उपड्या घातल्या नाहीत. तसं कुणी सुचवलं की दुसरी म्हणायची, "हो, आणि मग परत मावशीला विचारतील."

हप्त्याच्या संध्याकाळी म्हातारी घरी आली आणि उंबऱ्यात बसली नाही. आत भिंतीला टेकून बसली. तिनं आपले थोडेसे पैसे न मोजता सुनेच्या पुढे सरकवले.

"तुम्हीच वाटा ना, आई," सून म्हणाली. तिच्या आवाजात खरोखरच विनवणी होती.

"नको."

नवरा काठीशी चाळा करत बसला. कुणीतरी वाटायला हवंच होतं. सून उंबऱ्यात बसली. हे किराण्याचे, हे भाड्याचे. नवऱ्याला तंबाखूचे दिले. उरलेल्यातली एक नोट तिनं उचलली, उठून भिंतीपाशी गेली. हिच्यासाठी आपण बोटं फोडून घेतली, हिच्यामुळे आपण घरात आळशी ठरलो, आणि ही आता अशी बसलीय. तिला म्हातारीची दया आली, तिचा संतापही आला. तिला काहीतरी मायेचं बोलायचं होतं. पण इतक्या वर्षांत त्या घरात पैसे देताना बोलायचं एकच वाक्य कानावर पडलेलं होतं, आणि तेच तिच्या तोंडून निघालं, त्याच ठसक्यात.

"घ्या, तुमच्या हाताला असू दे."

म्हातारीनं वर बघितलं नाही. वाकडा हात उघडून पुढे केला.